मावशीला न मानवलेलं तळं

माझी मावशी आयुष्यभर ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होती. हॉस्पिटलात सगळे तिला सिस्टर म्हणायचे, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काकाही, चिडवायचं असलं की घरात तेच म्हणायचे. मोठमोठे सर्जन तिच्यापुढे पुन्हा हात धुवून यायचे. ती बोलायची नाही, नुसती बघायची. तेवढ्यानेच माणूस मुकाट बेसिनकडे वळायचा.

काकांचं काम जमीन मोजण्याचं. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावर उन्हात उभं राहून त्यांनी एकच स्वप्न जपलं होतं, तळ्याकाठी छोटं घर बांधायचं आणि तिथे काहीही करायचं नाही. मावशी निवृत्त झाली त्याच उन्हाळ्यात त्यांनी शहरातलं घर भाड्याने दिलं आणि दोघं तिकडे राहायला गेले.

पहिल्या आठवड्यात मावशीने सगळं घर लावून टाकलं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, चादरींच्या घड्या कडेला कड जुळवून रचल्या, खिडक्या पुसल्या. मग करायला काही उरलं नाही, म्हणून खिडक्या पुन्हा पुसल्या. काका ओसरीवर वेताच्या खुर्चीत दुर्बीण घेऊन बसलेले असायचे.

"अगं, आला बघ."

"कोण?"

"पाणकावळा."

"कालही आला होता."

"हा वेगळा असेल."

मावशी आत निघून जायची. फोनवर मला म्हणायची, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालंय माझं. आणि ह्यांना वाटतं, मी सुखात आहे."

दुपारी तिकडे पानही हलत नसे. तळं उन्हाने खाली खाली जात होतं, काठाला भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा रुंदावत होता, आणि शेवाळाचा वास ओसरीपर्यंत यायचा. शेजारची घरं सुट्टीपुरती वापरात, म्हणजे बहुतेक बंदच. मावशीला एक वाजता जेवायची सवय. काकांना भूक लागेल तेव्हा. एके दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं. "इथे आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?" म्हणाले. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आपलं मनगटी घड्याळ झोपतानाही काढायचं सोडून दिलं.

जवळच्या गावात छोटा दवाखाना होता. न राहवून एके सकाळी ती बसने तिथे गेली. इस्त्रीची साडी, हातात अनुभवाची प्रमाणपत्रं. डॉक्टर तरुण होता, नम्र होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, खूप केलंत तुम्ही. आता आराम करा."

आजवर कुठल्याही डॉक्टरने तिला आजी म्हटलं नव्हतं. निघताना तिने पाहिलं, तिथली मुलगी एका जखमेची पट्टी बदलून तोच हात झटकून पुढच्या पेशंटला लावत होती. मावशीने तोंड उघडलं, पण डॉक्टरने हसून दार धरलं होतं. ती बाहेर आली.

घरी येऊन तिने सांगितलं, तर काका दुर्बिणीतून डोळाही न काढता म्हणाले, "बरोबरच बोलला की तो."

त्यानंतर किती दिवस घरात फक्त भांडी वाजत होती.

उन्हाळा सरत आला तेव्हा काका काठावरच्या निसरड्या दगडावरून घसरले आणि त्यांचा घोटा मोडला. मावशीने जागच्या जागी दोन फळकुटं लावून पाय बांधला, गाडी मागवली, शहरातल्या हॉस्पिटलात प्लास्टर घालून त्यांना परत आणलं. दुसऱ्या दिवसापासून घराचा वॉर्ड झाला. सहाला अंग पुसणं, आठला गोळी, पाय उशीवर, उशीखाली आणखी एक उशी. मी भेटायला गेले तर मावशीच्या चालण्यात जुना झपाटा आला होता. काका मात्र पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पलंगावरून तळं दिसत नव्हतं. पलंग खिडकीशी सरकवा असं त्यांनी सांगून पाहिलं होतं, पण तिथे वाऱ्याचा झोत लागतो म्हणून मावशीने ऐकलं नव्हतं.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. काकांनी काठी घेऊन ओसरीची पायरी उतरायला घेतली तशी मावशी पुढे झाली.

"आज नको. सूज आहे."

"सूज नाही. तूच काल दाबून बघितलीस."

"उद्या बघू."

काका पायरीवरच थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "तुला नवरा नकोय गं. पेशंट हवाय."

मावशीने हात मागे घेतला. काका एकेक पाऊल टाकत काठाकडे गेले. ती दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

संध्याकाळी तिने मला फोन केला. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "त्यांचा पाय मोडला ना, तेव्हा मला बरं वाटलं," ती म्हणाली. "ते कळवळत होते आणि मला बरं वाटत होतं. मी इथे राहिले तर काय होऊन बसेन, मलाच सांगता येत नाही."

मी म्हटलं, "मग शहरात माझ्याकडे ये."

ती आली. काकांना सांगूनच आली, भांडून नाही. नातेवाइकांनी तोंडसुख घ्यायचं ते घेतलं. या वयात कसली वेगळी चूल, असं माझ्या आईनेही बहिणीला सुनावलं. मावशी म्हणाली, "चूल वेगळी नाही, ताई. माझा फक्त दिवस वेगळा आहे." तिच्या जुन्या हॉस्पिटलाच्या नर्सिंग शाळेत नव्या मुलींना शिकवायला कुणीतरी हवंच होतं. सोमवार ते गुरुवार ती तिथे जाते, उरलेले दिवस तळ्यावर.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. शाळेत ती रोज वैतागते. मुली वर्गात फोन बघतात, नखं वाढवतात, एक तर तिला उलट विचारते, "मॅडम, हातमोजे असतात ना, मग इतकं घासायचं कशाला?" तळ्यावर गेली की काकांनी साठवलेली भांडी बघून तिचा पारा चढतो. शुक्रवारी सकाळी तिची बस पोचते तेव्हा ते थांब्यावर आलेले असतात, पण पिशवी घेण्याआधी पहिलं वाक्य असतं, "उशीर केलास." घड्याळ न वापरणाऱ्या माणसाने हे म्हणावं याचा तिला जास्तच राग येतो.

मी एकदा तिला विचारलं, "काकांना एकटं ठेवून येतेस, काळजी नाही वाटत?"

"वाटते ना," मावशी म्हणाली. "तिथे असताना नुसता राग यायचा. काळजी करायला जरा लांब यावं लागलं."

मग तिने पर्स उचलली. त्या उलट विचारणाऱ्या मुलीला ती आज ऑपरेशन थिएटरमध्ये उभी करणार होती, आणि मावशीला उशीर झालेला चालणार नव्हता.