बिनपट्ट्यांचा बास

घरी बास गिटार बनवायला निघालेल्या नवशिक्यांना माझा एकच सल्ला आहे: मानेवर, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीवर, खाचा पाडताना प्रत्येक खाच वरच्या टोकापासूनच मोजा. मी कपाटं करणारा सुतार, जन्म मोजमापात गेलेला, मला कोण शिकवणार? मी प्रत्येक खाच आधीच्या खाचेपासून मोजली. केसाएवढी चूक खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत चांगली बोटाएवढी झाली. खाचांत धातूच्या पट्ट्या ठोकून तारा चढवल्या, तर एक सूर जागेवर असेल तर शपथ.

बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा कपाट केलं असतंत. निदान दार तरी लागलं असतं."

गप्प बसेन तो मी कसला. सगळ्या पट्ट्या उपटल्या, खाचांमध्ये फिकट लाकडाच्या चिपा बसवल्या, मान घासून गुळगुळीत केली आणि बिनपट्ट्यांचा बास मुद्दामच केलाय, असं घरभर सांगत सुटलो. तसे बास असतातही. वाजवणारा त्या फिकट रेघा बघून बोट ठेवतो.

माझा मेहुणा बँडमध्ये बास वाजवतो. त्याने रेघा बघून वाजवायला घेतलं आणि तोंड वाकडं केलं. मग डोळे मिटून, नुसत्या कानाने सूर शोधत वाजवलं. आवाज असा भरदार, की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"दाजी, बास झकास झालाय," तो डोळे न उघडताच म्हणाला. "फक्त तुम्ही केलेलं काम बघायचं नाही."