फ्रागेलची सहा दारं

तालुक्यात म्हणायला सव्वीस गावं. चेस्टनटची झाडं अजून दरवर्षी लगडतात, वेचायला मात्र माणूस नाही. त्यातलं सगळ्यात वरचं गाव फ्रागेल. तिथल्या शाळेची झाडलोट करण्यात दियोलिंदाची तेवीस वर्षं गेली. मग मुलंच उरली नाहीत, शाळा बंद पडली. नवराही वारला. जो तो फ्रान्सला निघताना, "जरा लक्ष ठेव गं घराकडे," म्हणत किल्ली तिच्या हातावर ठेवून गेला. अशा नऊ घरांच्या किल्ल्या साठल्या. ओल पुसायची, खिडक्या उघडायच्या, उंदीर हाकलायचे. स्वतःच्या घरी ती टेकायला तेवढी येते.

यंदा पाद्रींचा निरोप आला. ईस्टरला चर्चचा क्रूस घरोघर फिरतो, घरचं माणूस दारात त्याला ओठ लावतं, पण फ्रागेलमध्ये निदान सहा दारं उघडी हवीत. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तुम्हीच खालच्या गावी या. गावात चुली पेटत होत्या तीन. दियोलिंदा सोडली तर दोन म्हाताऱ्या, आणि त्या काठीशिवाय अंगणही ओलांडत नव्हत्या. त्या कसल्या चार किलोमीटर उतरतात!

ईस्टरच्या सकाळी दियोलिंदानं बंद घरांपैकी तिघांची कुलपं काढली. उंबऱ्यांवर रोझमेरी आणि फुलं पसरली, टेबलांवर पांढरी कापडं घातली, आपल्या घरचा मांस भरलेला पाव चार ठिकाणी कापून ठेवला.

पाद्रींच्या वतीनं क्रूस घेऊन आला बेल्मीरू, तिचा शाळासोबती. घंटा वाजवायला दुसरं कुणी नसल्यानं तीही त्याच्याच डाव्या हातात. पहिल्या दारात दियोलिंदा भेटली, पुढच्या दोन दारांत म्हाताऱ्या. चौथ्या दारात पुन्हा दियोलिंदाच, परसातून धापा टाकत आलेली.

"तू इथं कशी?"

"आधी क्रूसाला ओठ लावू दे."

पाचव्या दारात तिच्या केसांत कोळिष्टकं होती.

"अगं, या वयात या घरची सून झालीस की काय?"

"तोंड आवर आणि हळू चाल. मला पुढं जायचंय."

सहाव्या उंबऱ्यावर फुलं होती, दार सताड उघडं होतं, पण आत कुणीच नाही. मागच्या दाराच्या पायरीवर ती गुडघा धरून बसली होती. बेल्मीरूही शेजारी टेकला.

"उठवत नाही रे."

"मला तरी कुठं उठवतंय?"

"पाद्रींना किती सांगशील?"

"सहा."

"माणसं तर तीनच आहेत."

"त्यांनी दारं विचारलीत. माणसं मोजायला बसले तर खालच्या गावाचंही अवघड आहे."

ती हसली, हसता हसता खोकली. त्यानं बसल्या बसल्याच क्रूस पुढं केला, तिनं ओठ लावले.

"म्हणजे पुढच्या वर्षी येणार तू?"

"पायांना विचारून सांगतो."

तो उतरून गेला. पुढच्या वर्षाचं जमलं होतं. म्हणजे हे सगळं पुन्हा करायचं, या नुसत्या विचारानंच दियोलिंदाला दमायला झालं.