आरपीतला पी

"मॅडम, एकच शब्द टाकायचाय," मन्सूरभाई म्हणाले. "पर्मनंट. बाकी पत्र तुम्ही लिहिलंय तसंच राहू दे."

पत्राचा मसुदा माझ्या टेबलावर होता. वर कंपनीचं लेटरहेड, खाली माझ्या सहीची जागा. मन्सूरभाई खुर्ची असूनही उभे होते. त्यांची मुलगी झोया समोरच्या टेबलावर कॉम्प्युटरकडे बघत होती आणि काहीही टाइप करत नव्हती.

मी दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एचआर बघते. प्रत्यक्षात माझं काम म्हणजे कोणाचा कुठला कागद कधी संपतो हे लक्षात ठेवणं. पासपोर्ट, लायसन्स, हेल्थ कार्ड आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आरपी. आरपी म्हणजे रेसिडेन्स परमिट, कतारमध्ये राहण्याचा परवाना. हा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की तोही गेला. बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या वेल्डरपासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तारखा माझ्या एका यादीत आहेत. घरीही माझ्या याद्या असतात. फ्रिजचं दार दिसत नाही अशी नवऱ्याची तक्रार आहे, पण त्याचा पासपोर्ट आजवर एकदाही एक्स्पायर झालेला नाही.

मन्सूरभाई आमचे स्टोअर इनचार्ज. दापोलीकडचे. झोया त्यांची एकुलती एक. दोहातच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली आणि पुढे एक्स्चेंज व्हिसावर अमेरिकेत एमएस करून आली. या व्हिसामागची कल्पना अशी, की बाहेरच्या मुलांनी यावं, शिकावं आणि शिकलेलं आपल्या देशाला नेऊन द्यावं. शिष्यवृत्तीत सरकारी पैसा असला, तर ही कल्पना राहत नाही, अट होते. झोयाच्या शिष्यवृत्तीत तसा पैसा होता. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं आपल्या देशात राहायचं. तोवर अमेरिकेचं ग्रीन कार्ड, म्हणजे पर्मनंट रेसिडेंट होणं, बंद. अमेरिकन माणसाशी लग्न केलं तरी बंद.

झोयाने नेमकं तेच केलं होतं. इम्रान चिपळूणच्या घरातला, पण जन्माने अमेरिकन. निकाह गावी झाला. मग तो तिकडे गेला आणि ती दोन वर्षं काढायला इकडे आली. आमच्या जेवणाच्या सुट्टीत ती पँट्रीत फोन भिंतीला टेकवून त्याच्याशी बोलायची. तिकडे तेव्हा पहाट असायची. तो रोज गजर लावून उठायचा. बायकोशी बोलायला गजर लावून उठणारा नवरा आमच्या पँट्रीत फार लोकप्रिय होता.

पण "आपला देश" कोणता? झोयाचा पासपोर्ट भारताचा. अमेरिकेच्या कागदांवर मात्र कायम रहिवासाचा देश म्हणून कतार लिहिलेलं होतं. म्हणून दोन वर्षं दोहात. इथे पहिला खड्डा लागला. लग्न झालेल्या मुलीला बापाच्या नावावर आरपी मिळत नाही. तेव्हा मन्सूरभाईंनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. आमच्याकडे डॉक्युमेंट कंट्रोलरची जागा रिकामी होती. हे काम म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रॉइंगवर नंबर टाकणं आणि जुनी प्रत कोणाच्या हाती राहू न देणं. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात एमएस केलेली मुलगी आमच्याकडे रिव्हिजन नंबर टाकायला बसली. थोडक्यात, झोया स्वदेशी परतली होती, पण आमच्या कंपनीच्या व्हिसावर.

आता इम्रानच्या अमेरिकन वकिलाला पत्र हवं होतं. त्याला दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. झोया कतारमध्ये राहते आणि ती कतारची पर्मनंट रेसिडेंट आहे.

"पहिली मी लिहिली," मी म्हणाले. "दुसरी लिहिता येत नाही."

"का?"

"कारण ती नाहीये. तुम्ही नाही, मी नाही. आपल्या यादीतलं कोणीही नाही."

"मी कसा नाही? प्रोबेशन संपलं तेव्हा तुम्हीच पत्र दिलंत, पर्मनंट केलं म्हणून."

"ती नोकरी पर्मनंट. राहणं नव्हे."

"मग आरपीतला पी कसला?"

"परमिटचा."

मन्सूरभाईंनी खिशातून आपलं कार्ड काढून बघितलं. इतकी वर्षं खिशात बाळगलेल्या कार्डाचं पूर्ण नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, असं मला वाटलं. तसं ते नव्हतं. नाव त्यांना पाठ होतं, फक्त अर्थ दुसरा होता. "आमच्याकडे स्थळ बघताना विचारतात," ते म्हणाले, "मुलगा व्हिजिटवर आहे की पर्मनंट? आरपी लागलं की पर्मनंट. माझं लग्न त्याच्यावरच ठरलंय, मॅडम."

"तुमच्या लग्नाला माझी हरकत नाही. पत्रात लिहिणार नाही."

खरा कायम रहिवासाचा परवानाही कतारमध्ये आहे. तो मोजक्या लोकांना मिळतो. त्या मोजक्यांत आमचा स्टोअर इनचार्ज नव्हता. आमच्या लेटरहेडवर खोटा शब्द गेला, तर उद्या कोणीही कार्डाची कॉपी मागेल आणि मुलीची केस तिथेच संपेल, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नबील साहेबांना विचारा."

नबील साहेब म्हणजे आमचे जनरल मॅनेजर. मूळचे पॅलेस्टिनी, जन्म दोहाचा. आम्ही तिघंही त्यांच्या केबिनमध्ये गेलो. मी प्रकरण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"पर्मनंट?" ते म्हणाले. "मन्सूर, मी या गावात जन्मलो. माझे वडील इथे मेले. माझं आरपी दर वेळी ग्रेसी रिन्यू करते, तेव्हा मी राहतो. ती विसरली, तर मी ओव्हरस्टे."

"मी विसरत नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर तुला कामावरून काढत नाही." त्यांनी मसुदा परत दिला. "खरं आहे ते लिही. यल्ला, निघा आता, मला मीटिंग आहे."

मी खरं आहे ते लिहिलं. झोया कंपनीची कर्मचारी आहे, तिचा परवाना तात्पुरता आहे, नोकरीशी जोडलेला आहे, ठरावीक मुदतीने नूतनीकरण होतं. सही, शिक्का, स्कॅन.

त्यानंतर झोया माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. "आंटी"चं "मॅम" झालं. समोरासमोर टेबलं असली की हे फार लांबचं अंतर असतं. मन्सूरभाईंनी स्टोअरमधून मला येणारा ए-फोर कागद बंद केला नाही, पण निरोप ऑफिसबॉयकरवी यायला लागले.

मग एका संध्याकाळी वकिलाचा फोन आला. झोयाने तो माझ्या टेबलावर स्पीकरवर ठेवला आणि अब्बांना स्टोअरमधून बोलावून घेतलं.

"हे पत्र म्हणतं, ती तिथे तात्पुरती आहे," वकील म्हणाला.

"आम्ही सगळेच," मी म्हणाले.

"मग एक्स्चेंजच्या वेळी कतारची पर्मनंट रेसिडेंट असं कोणी लिहिलं?"

झोयाने अब्बांकडे बघितलं. "आय आस्क्ड हिम," ती म्हणाली. "अब्बा, आर वी पर्मनंट? ही सेड, अर्थातच."

अख्ख्या वाक्यात मराठी शब्द तेवढाच होता, आणि तो अब्बांचा होता. वकील बराच वेळ काही बोलला नाही. तो तासावर पैसे घेतो हे माहीत असल्यामुळे ती शांतता मला महाग वाटली.

शेवटी त्याने समजावलं. ती कतारची कायम रहिवासी कधीच नव्हती, तर तिचा देश भारत. वॉशिंग्टनकडून तसं लेखी मत मागवावं लागेल, पण उत्तर काय येणार ते दिसतंय. आणि तिचा देश भारत असेल, तर दोहातले दिवस त्या दोन वर्षांत धरले जाणार नाहीत.

"हाऊ मच ऑफ इट काउंट्स?" झोयाने विचारलं.

"काहीच नाही."

तिने इथे जवळजवळ वर्ष काढलं होतं. मन्सूरभाई त्या दिवशी माझ्यासमोरच्या खुर्चीत पहिल्यांदा बसले.

"म्हणजे आता हिने दापोलीत दोन वर्षं काढायची?"

"अब्बा," झोया म्हणाली, "तिथे आय डोन्ट इव्हन नो विच बस गोज टु अवर हाऊस."

"बस नाही जात," मन्सूरभाई म्हणाले. "रिक्षा करावी लागते."

झोयाने डोळे पुसले आणि ते पुसलेच नाहीत असं दाखवायला एक ड्रॉइंग उघडलं. इम्रान अमेरिकेचा नाद सोडून इकडे येऊन राहायला तयार होता, हे मला नंतर कळलं. त्याची तिकडची नोकरी गेली असती आणि इकडे त्याला आणायला पुन्हा कोणीतरी आरपी द्यावं लागलं असतं. म्हणजे पुन्हा मीच.

मी वकिलाला विचारलं, "ही अट माफ होतच नाही का?"

"होते. तिच्या देशाच्या सरकारने आमची हरकत नाही असं कळवलं, तर होऊ शकते. कागदावर कतार होतं, म्हणून मी तो रस्ता सोडला होता. ती त्यांची नागरिकच नाही, ते कशाला लिहितील? पण भारत असेल तर वेगळं. भारत सरकार असा दाखला देतं."

"नाव काय त्याचं?"

त्याने नाव सांगितलं. लोक त्याला नोरी म्हणतात. मी पूर्ण नाव लिहून घेतलं आणि मन्सूरभाईंना मराठीत वाचून दाखवलं. "भारतात परत येण्याचं बंधन नाही, असा दाखला."

"पण ती तिथून गेलीच नव्हती," मन्सूरभाई म्हणाले.

"म्हणून तो सोपा असेल असं समजू नका."

झोया पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आंटी," ती म्हणाली, "तुम्ही पर्मनंट लिहिलं असतं तर हा रस्ता बंदच राहिला असता?"

"लिहिलं असतं, तर इम्रानला अजून खूप गजर लावावे लागले असते."

पासपोर्टवरचा पत्ता गावचा, म्हणून राज्य महाराष्ट्र. आधी राज्य सरकारची ना हरकत, पासपोर्ट ऑफिसची ना हरकत, मग दिल्ली, मग वकिलातीमार्फत अमेरिका. मी मन्सूरभाईंना प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी पारदर्शक फाइल करून दिली आणि त्यांची वार्षिक रजा मंजूर केली. ते त्या वर्षी सुट्टीत आंबे खायला गेले नाहीत, मंत्रालयात गेले.

तिथला संवाद त्यांनी परत आल्यावर मला दोनदा सांगितला.

"मुलगी भारतातून कधी गेली?" टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"गेली नाही. तिचा जन्मच तिकडचा."

"मग परत कुठून येणार?"

"येणार नाही, बाई. तेच लिहून हवंय."

"जी गेलीच नाही, तिने परत यायला नको, असं?"

"होय."

बाईंनी शेजारच्या टेबलाला हाक मारली. "अहो, हे ऐका. उद्या लोक जन्मलोच नाही असा दाखला मागतील." पण फाइल त्यांनी नीट चाळली. एकही कागद कमी नव्हता, हे मी इथे नमूद करते. मग त्यांनी सध्याच्या पत्त्याचा पुरावा मागितला. मन्सूरभाईंनी झोयाच्या आरपीची कॉपी पुढे केली.

"हे काय? तिकडे पर्मनंट आहे का ती?"

"मी छाती पुढे काढून सांगितलं, मॅडम," मन्सूरभाई म्हणाले. "म्हटलं, नाही बाई. परमिट आहे."

पुढचे महिने वाट बघण्यात गेले. वॉशिंग्टनचं मत आलं. देश भारत. नोरी आली. माफीही आली. मग नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा, मेडिकल, मुलाखत. एके दिवशी झोयाने राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला आणि वर पेढ्यांचा डबा ठेवला. दोहातल्याच अबू हमूर भागातल्या दुकानातले होते. त्यातले अर्धे पँट्रीने खाल्ले.

तिच्या बाबतीत माझं एक काम उरलं होतं. आरपी रद्द करणं. आमच्याकडे हे मंदूब करतो, म्हणजे सरकारी कामं बघणारा कंपनीचा माणूस. तो माझ्या शेजारी बसला, तिचा नंबर टाकला, बटण दाबलं. "खलास," तो म्हणाला. समोरच्या टेबलावर झोयाच्या फोनवर मेसेज वाजला. तिने तो वाचला. जिथे जन्मली, शाळेत गेली, सायकल शिकली, तिथलं तिचं राहणं रद्द झालं होतं.

"दॅट्स इट?" ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, यू नो, स्टॅम्प वगैरे असेल."

"आता सगळं ऑनलाइन असतं," मी म्हणाले. मग मी तिच्याकडून ऑफिसच्या कपाटाची किल्ली परत घेतली, कारण ती यादीत होती.

काही आठवड्यांनी मन्सूरभाई माझ्या टेबलाशी आले. या वेळी आपणहून बसले. फोनवर फोटो होता. झोयाचं अमेरिकेचं कार्ड. त्यांनी बोटांनी तो मोठा केला, वरचे शब्द दिसतील एवढा.

"वाचा, मॅडम. पर्मनंट रेसिडेंट. आता तरी लिहाल की नाही?"

"आता लिहीन," मी म्हणाले. फोन हातात घेतला, फोटो वर सरकवला आणि सवयीने खालची ओळ बघितली. फोन त्यांच्याकडे वळवून बोट ठेवलं.

मन्सूरभाईंनी चष्मा लावून बघितलं. "एक्स्पायरी आहे," ते म्हणाले.

"आहे."

"पर्मनंटला?"

"पर्मनंटला."

ते चष्मा काढून उठले. मग म्हणाले, "तुमच्या लिस्टमध्ये टाका मग."

ती आमची कर्मचारी नाही आणि तो देश माझ्या कामात येत नाही. तरी तारीख टाकली आहे. नबील साहेबांच्या खालची ओळ.