बारीकरावांची डोलकाठी

आमच्या साडूंना सगळे बारीकराव म्हणतात. त्यांच्या बायकोलासुद्धा खरं नाव आता आठवून सांगावं लागतं. छत्तीस वर्षं कपाटाएवढ्या दुकानात घड्याळं दुरुस्त करतायत. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तोंडात एकच वाक्य, "घाई नको." ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीकच जाते.

मी बस डेपोतला मेकॅनिक. आमची ही येता-जाता ऐकवणार, "भावोजींचे हात बघा, नि तुमचे बघा!" अगं बाई, मी इंजिनं उतरवली जन्मभर, मनगटावरची खेळणी नाही!

बारीकरावांना आणि मला, दोघांनाही रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या बोटींचं वेड. दर रविवारी तळ्यावर शर्यत. सात वर्षं पहिले ते, दुसरा मी. सात वर्षं! खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट व्हायचा माझा.

सगळी करामत डोलकाठीच्या कलात असते. काठी जरा मागे झुकवायची. कमी झुकली तर बोट वाऱ्यापासून लांब पळते, जास्त झुकली तर वाऱ्यात नाक खुपसून उभी राहते. बारीकराव काठीच्या टोकापासून बोटीच्या मागच्या कडेपर्यंत पट्टी धरायचे, काठीला पुढून-मागून ताणून धरणाऱ्या तारांचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचे, परत मोजायचे. बघूनच माझा जीव जायचा.

यंदा त्यांच्या हातून दोन घड्याळं चुकीची जोडली गेली. गिऱ्हाइकांनी परत आणून दिली. बारीकराव हबकलेच. मला म्हणाले, "डोळे दगा देतायत बहुतेक. पण ही काठी अचूक लागतेय तोवर दुकान चालवणार. ती चुकली की शटर खाली."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बघा, डोळे गेले तरी तोरा जात नाही!

वर्षाच्या मोठ्या शर्यतीच्या सकाळी त्यांनी काठी लावली, दोनदा मोजली आणि चहाला गेले. बोट माझ्या शेजारीच. माझा हात नकळत गेला... छे, कसलं नकळत! मीच नेला. पुढची तार चार फेरे सैल केली, मागची तितकीच आवळली.

पहिल्याच वळणाला त्यांची बोट वाऱ्याकडे तोंड करून थांबली. शिडं फडफडतायत, बोट ढिम्म. मी सरळ पुढे गेलो आणि जिंकलो! आमच्या हिनं चक्क टाळ्या वाजवल्या. काय गोड लागल्या म्हणून सांगू!

बारीकराव बाकावर बसून पट्टी लावत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

"चार मिलिमीटरनं चुकलीय," ते म्हणाले. "सकाळी दोनदा बघितलं हो मी. दोन्ही वेळा बरोबर दिसलं." मग बायकोकडे वळले. "उद्या मालकाला दुकानाची चावी देऊन टाकू."

तिनं नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सांगून टाकायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ते उठले आणि बोट माझ्यापुढे धरली.

"घ्या. तुमचे डोळे शाबूत आहेत. माझ्याकडे आता नुसती पडून राहील."

मी घेतली.