न वाचता पुसलेला क्रॅश डंप

कोठी या वस्तीतील ज्या रक्त तपासणी केंद्राचा संगणक विभाग मी सांभाळला, तेथील माणसे आजही सांगतात की माझ्या सहकारिणीने माझी नोकरी वाचवली. त्यांची ही कथा मला मान्य नाही. घडले ते असे.

एका सकाळी मुख्य सर्व्हर कोसळला. संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, बंद पडला की पडद्यावर अक्षरांची रास उमटते आणि सारे थांबते. अशा वेळेसाठी मी मेमरीचा एक कोपरा राखून तेथे दुसरे छोटे कर्नेल बसवले होते. पहिले मेले की ते जागे होई आणि मेलेल्याची सारी मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरवून ठेवी. याला क्रॅश डंप म्हणतात. मी पंचनामा म्हणत असे. तो पुरा होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नसतो.

खिडकीशी रिपोर्टसाठी रांग लागली होती. व्यवस्थापक ओरडले, "अहो, बटण दाबा आणि चालू करा! लोक मला खातायत तिकडे."

"पंचनामा व्हायच्या आत प्रेत हलवत नाहीत," असे म्हणून मी यंत्राला पाठ लावून उभा राहिलो. अर्ध्या तासाने फाईल पूर्ण झाली, सर्व्हर सुरू झाला. मी हट्टाने दोन तास रांग ताटकळवली असेही केंद्रात सांगतात. अर्धा तास. तेवढाच.

पडद्यावरच्या त्या राशीत सर्वांत वर माझ्या ड्रायव्हरचे नाव होते. जुन्या तपासणी यंत्राला सर्व्हरशी जोडणारा तो प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. सहकारिणीने ते नाव पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. नाव वर दिसले म्हणून दोष सिद्ध होत नाही, हे मी तिला अनेकदा समजावले होते. मेमरी एक प्रोग्रॅम बिघडवतो आणि तिला अडखळून पडतो दुसराच. म्हणून तर डंप उघडून वाचायचा. मी व्यवस्थापकांना तोंड द्यायला वर गेलो. परतलो तेव्हा फाईल नव्हती.

"डिस्क भरत आली होती सर. जुनी समजून काढली मी."

मी संतापलो, पण विश्वास ठेवला. तिला लेखी ताकीद मिळाली. अहवालात 'कारण अज्ञात' असे लिहून मी सही केली. आयुष्यात असे वाक्य मी एकदाच लिहिले आहे.

यंदा अंबरपेठेत तिच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. केंद्रातली जुनी मंडळी जेवायला होती. खिडकीवरचा कारकून माझ्या शेजारी बसला होता. "साब, मॅडम बचा लिए ना आपको! वो फाइल उड़ा दिए. हमारेकू सबको मालूम, आपकूच नहीं मालूम क्या?"

सगळे हसले. मी ताटावरून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी तिला गाठले.

"खरं आहे हे?"

"जाऊ द्या ना सर, किती वर्षं झाली. आजच्या दिवशी नक्को."

"काढायच्या आधी वाचली होतीस?"

"वाचायचं काय होतं त्यात? तुमचं नाव दिसतच होतं ना वर. घरी बसवलं असतं तुम्हाला त्या लोकांनी."

"म्हणजे तू मला दोषी ठरवून मोकळी झालीस."

"तुम्ही आमचे सर आहात, एवढंच सुचलं मला." तिचे डोळे भरून आले. "आणि चूक तुमचीच निघाली असती तर?"

"तर ती माझी असती."

मी कृतघ्न आहे, असे आता म्हणतात. तिने माझ्यासाठी ताकीद सोसली, हे मी नाकारत नाही. पण बारा वर्षे जी एक गोष्ट मी तिला शिकवली, ती माझ्यावर वेळ आली तेव्हा तिने मलाच नाकारली. एखाद्या वैऱ्याने निदान पुरावा उघडून पाहिला असता.

त्या ड्रायव्हरचा छापील मजकूर माझ्यापाशी आहे. या महिन्यात तो तीनदा वाचला. एका ठिकाणी मी अडतो: यंत्राकडून आलेली माहिती मेमरीत जिथे ठेवली, ती जागा काम संपण्याआधीच मोकळी होत असावी, म्हणजे चूक माझीच असावी, अशी शंका येते. त्या सकाळी तसे घडले की नाही, हे कागद सांगू शकत नाही. फाईलने सांगितले असते.