ओव्याची पुरचुंडी

पहिल्यांदा दिल्लीला निघाले तेव्हा कळंबच्या स्टँडवर आईने माझ्या पर्समध्ये ओव्याची पुरचुंडी कोंबली. "छाती भरली तं निखाऱ्यावर टाकून धुरी घेजो, बाई." अकराव्या मजल्यावर निखारा कुठून आणू, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता.

गावी राहिलेल्यांना वाटतं, आमची तिकडे मजा आहे. माझ्यासारखे बाहेर पडलेले जाणतात की दिवाळी सरली की सकाळी आधी मोबाइलवर हवेचा आकडा बघायचा, मगच पोरांना खाली सोडायचं. गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, आजूबाजूच्या शेतांत पेटवलेली धसकटं, आणि थंडीत वारा पडला की सगळं तिथेच तुंबतं. माझ्या सात वर्षांच्या इराला दमा निघाला. डॉक्टरांनी पंप दिला. रुमालाने भागणार नाही, नाकाशी घट्ट बसणारा मास्क लावा, धुरापासून लांब ठेवा, म्हणाले. मागच्या हिवाळ्यात मी घरून काम मागून घेतलं आणि तिला घेऊन थेट माहेर गाठलं. आमच्या गावच्या हवेचं कौतुक मी ऑफिसभर सांगून आले होते.

तिसऱ्याच दिवशी रेंजसाठी गच्चीवर जाऊन मीटिंग करत होते. खाली इरा जरा खोकली. आईने मोठ्या मायेने शेगडीत निखारे घेतले, ओवा टाकला आणि वरून गोधडी पांघरून नातीला वाकवलं. मला ऐकू आली ती तिची घरघर. धावत गेले, गोधडी ओढून फेकली, पोरीला अंगणात आणून पंप दिला. खांदे उडवत ती श्वास ओढत होती. मी आईवर ओरडले, आणि ओरडताना माझी दिल्लीची भाषा पार गळून पडली. "धूर कायले देऊन राह्यली तिले?"

"तुलेबी अशीच देत होती ना वं मी," आई रडवेली झाली.

हळूहळू तिचा श्वास ताळ्यावर आला. इरा म्हणाली, "आजी, तुझा ओवा फार तिखट आहे." मला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात आई खोकायला लागली. आई खोकते, हे आमच्या घरात कोणी मनावरच घेत नसे. गॅस पाहुण्यांपुरता, रोजचा स्वयंपाक चुलीवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळून. दिल्लीचा आकडा रोज बघणारी मी, आईच्या स्वयंपाकघरातला धूर मला कधी दिसलाच नव्हता. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघींना यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी आईची छाती तपासली आणि चूल किती वर्षं, एवढंच विचारलं. पंप तिलाही मिळाला. आता रोज गॅस पेटतो. बाबांनी मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार पेटवायचं सोडलं, ढोरांपुढे टाकतात. महिनाभर आजी-नात ओट्यावर बसून पंप घ्यायच्या, श्वास धरून दहा मोजायच्या आणि गुळणी करायच्या. आजी आठलाच सोडते म्हणून रोज भांडण.

घर म्हणजे स्वच्छ हवेचं गाव, असं मी आता म्हणत नाही. नातीच्या एका श्वासासाठी जिथे आईने आयुष्यभराची रीत मोडली, ते माझं घर. परतताना कळंबच्या स्टँडवर तिने पुन्हा पुरचुंडी दिली, या वेळी इराच्या हातात.

"चावून खाजो, बाई. जाळजो नोको."