न धुतलेली नळी

बायजाबाई गेडाम आमच्या संशोधन संस्थेत काच धुवायची. मी शेजारच्या खोलीत ऑटोक्लेव्ह चालवायचो. तिनं धुतलेलं मी वाफेवर निर्जंतुक करायचो. चौदा वर्षं आमच्यामध्ये एक भिंत होती. आता तिथं प्लास्टिकच्या परीक्षानळ्या एकदा वापरून फेकतात म्हणे. मला मात्र उन्हाळ्यात ओल्या खसाच्या ताट्यांचा वास आला की भिंतीपलीकडची नळाची धार ऐकू येते.

तिचं काम सांगतो. साबणानं घासून झालं की नळाच्या पाण्यानं आठ वेळा, डिस्टिल्ड पाण्यानं चार वेळा. मग नळी उजेडात धरायची. पाणी काचेवरून सलग उतरलं तर ठीक. कुठं थेंब अडला तर पुन्हा पहिल्यापासून. डिसेंबरात गार पाण्यानं तिची बोटं वाकत नसत. तरी ती कधी अकरावर थांबली नाही.

१९८४ साली आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रेमलता मॅडमनी नवं काम काढलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत बाहेरचा डीएनए घालायचा. डीएनए आणि पेशीचं आवरण, दोन्हींवर एकाच जातीचा विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. उपाय रसायनांचा. डीएनएत कॅल्शियम क्लोराइड मिसळायचं आणि ते नळीतल्या फॉस्फेटच्या पाण्यात थेंबथेंब सोडून अर्धा तास ठेवायचं. पांढरे बारीक कण बनतात, डीएनए त्यांत अडकतो. कण पेशींवर बसतात, पेशी ते गिळतात. मॅडमनी मला असंच समजावलं होतं.

हिवाळ्यात जमलं. एप्रिल लागला आणि बिघडलं. तीन वेळा बशा फुकट गेल्या. काचेत साबण राहत असेल, असं मॅडमना वाटलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बायजाबाईनं काच सोडून व्हरांडे झाडायचे, असं ठरलं.

ती माझ्याकडे आली. "गोविंदा, मी साबण ठेवीन गा काचेत?"

"मले काहून विचारतं? मॅडमले सांग."

पुढच्या प्रयोगानंतर तिच्या फळीवर मिश्रणाची एक नळी न धुता तशीच दिसली. मी म्हणालो, "आज हात दुखले का वं, बाई?"

"हात नको लावू. मॅडमले दाखवाची हाय."

मॅडम आल्या. बायजाबाई म्हणाली, "थंडीत या नळ्यायच्या बुडाशी पांढरं, दुधाच्या धोवनावानी राहे, पान्यानंच जाये. आता रेती बसते. ब्रश मारा लागते."

मॅडमनी काचेची कांडी आत फिरवली. करकर आवाज आला. "पण मिश्रण आपण अर्धाच तास ठेवतो. हिवाळ्यातही अर्धाच."

"थंडीतलं वरण दुसऱ्या दिवशी चालते, मॅडम. उन्हाळ्यातलं संध्याकाळीच आंबते."

मॅडमनी थर्मामीटर पाहिला. खोलीत पारा अडतीसवर होता. उकाड्यात कण भराभर वाढत होते. एवढे मोठे कण पेशी गिळत नव्हत्या. पुढच्या वेळी त्यांनी मिश्रण गार पाण्यात ठेवलं आणि घड्याळ लावून लवकर उचललं. काच बायजाबाईनंच धुतलेली.

मग बशांत औषध घातलं. नवा डीएनए घेतलेल्या पेशीच त्यात जगणार होत्या. दोन आठवड्यांनी मॅडमनी बायजाबाईला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"जित्या आहेत ह्या?"

"जित्या आहेत."

"मंग एक तारखेले झाडू कोन घेते?"

"कोणीही घेईल. तुम्ही नाही, बायजाबाई. माझं चुकलं."

१९८९ला ती निवृत्त झाली. तोवर मॅडमच्या खोलीची काच धुवायला दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. मी ते काम दोनदा मागून पाहिलं होतं.